कोल्हापूर ते दिब्रुगड : दोन टोकांच्या विमानतळांमधले अंतर आणि वेळ

दोन विमानतळांमधले अंतर किती, या प्रश्नाची किमान चार खरी उत्तरे असतात. पहिले म्हणजे पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले सर्वांत कमी अंतर. दुसरे ठरलेल्या हवाई मार्गांवरून जाताना भरणारे अंतर. तिसरे विमानाने त्या दिवशी वळसे घेत प्रत्यक्ष कापलेले अंतर, आणि चौथे प्रवाशाने तिकिटावरचे सगळे टप्पे मिळून केलेले अंतर. मुंबई-दिल्लीसारख्या जोडीत ही उत्तरे एकमेकांच्या बरीच जवळ राहतात, कारण विमान थेट जाते. थेट सेवा नसलेल्या, देशाच्या दोन टोकांच्या प्रादेशिक विमानतळांच्या बाबतीत मात्र ती इतकी फाकतात की नुसता एक आकडा सांगणे दिशाभूल करणारे ठरते. दक्षिण महाराष्ट्रातले कोल्हापूर आणि वरच्या आसामातले दिब्रुगड ही जोडी त्या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे.

कोल्हापूरचा विमानतळ उजळाईवाडीला आहे. संस्थानकाळात, १९३९ साली, तो सुरू झाला आणि आज छत्रपती राजाराम महाराजांच्या नावाने ओळखला जातो. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे ६०० मीटर आहे. नव्या टर्मिनल इमारतीचे उद्घाटन मार्च २०२४ मध्ये झाले. दिब्रुगडचा विमानतळ मोहनबारीला, ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात, जेमतेम ११० मीटर उंचीवर आहे. दुसऱ्या महायुद्धात आसामातून हिमालयाच्या पूर्वेकडच्या रांगा ओलांडून चीनमधल्या कुनमिंगला रसद पोहोचवली जात असे. त्या ‘हम्प’ मार्गावरच्या तळांपैकी मोहनबारी हा एक तळ होता. आज हा विमानतळ दिब्रुगड आणि तिनसुकिया या दोन्ही जिल्ह्यांच्या उपयोगी पडतो. आसपास चहाचे मळे आहेत आणि दिग्बोई-दुलियाजानचा तेलाचा पट्टा आहे.

अंतर मोजताना सुरुवात शहरापासून होत नाही. प्रत्येक विमानतळाला एक संदर्भबिंदू असतो आणि त्याचे अक्षांश-रेखांश अधिकृत हवाई माहिती पुस्तिकेत छापलेले असतात. कोल्हापूरचा बिंदू १६.६६ उत्तर अक्षांश, ७४.२९ पूर्व रेखांशावर आहे, मोहनबारीचा २७.४८ उत्तर, ९५.०२ पूर्वेवर. हे आकडे कोणत्या मापनपद्धतीतले आहेत यालाही महत्त्व आहे. भारताच्या सर्वेक्षणाची परंपरा १८०२ साली लॅम्बटनने मद्रासजवळ सुरू केलेल्या मोजणीपासूनची आहे आणि जॉर्ज एव्हरेस्टच्या नावाचा, १८३० सालचा पृथ्वीचा आकार आपल्या नकाशांनी दीर्घकाळ वापरला. विमानवाहतुकीसाठी १ जानेवारी १९९८ पासून डब्ल्यूजीएस-८४ ही एकच जागतिक पद्धत ठरली. जुन्या नकाशावरून घेतलेला आणि नव्या पद्धतीचा बिंदू यांत काहीशे मीटरचा फरक पडू शकतो. अडीच हजार किलोमीटरच्या हिशेबात तो नगण्य आहे; धावपट्टीवर उतरताना तो मुळीच नगण्य नसतो.

पृथ्वीच्या गोलावर दोन बिंदूंना जोडणारी सर्वांत आखूड वाट महावृत्ताच्या कमानीवरून जाते. पृथ्वीच्या केंद्रातून जाणाऱ्या प्रतलाने गोल कापला की पृष्ठभागावर जे वर्तुळ उमटते, ते महावृत्त. वरच्या दोन बिंदूंसाठी गोलीय त्रिकोणमितीचे साधे सूत्र वापरले, तर केंद्राशी होणारा कोन जवळजवळ २२ अंशांचा येतो. एका अंशाला सुमारे १११.२ किलोमीटर धरले की अंतर निघते २,४४६ किलोमीटर, म्हणजे १,३२० नॉटिकल मैल. कोनाच्या एका मिनिटाला एक मैल, या कल्पनेतूनच नॉटिकल मैल आला आणि १९२९ साली त्याची लांबी १,८५२ मीटर ठरवली गेली. विमानतंत्रात तो टिकून राहिला त्यामागे नुसती सवय नाही. अक्षांश-रेखांशांतून अंतर काढताना तो फार सोयीचा पडतो.

पृथ्वी नेमका गोल नाही. विषुववृत्ताजवळची त्रिज्या ६,३७८ किलोमीटर आणि ध्रुवाकडची ६,३५७ किलोमीटर आहे. चपटेपणा हिशेबात घेणारी, १९७५ साली व्हिन्सेंटीने मांडलेली पद्धत आणि तिच्यानंतर आलेल्या अधिक अचूक पद्धती आज संगणकावर क्षणात चालतात. कोल्हापूर-दिब्रुगड मार्गासाठी दोन्ही हिशेबांतला फरक एका किलोमीटरच्या आतच राहतो, कारण हा मार्ग तिरका, ईशान्येकडे जाणारा आहे आणि त्यात कमी-जास्त होणाऱ्या गोष्टी एकमेकींना खोडतात. याच अक्षांशांवर नेमक्या दक्षिणोत्तर दिशेत इतकेच अंतर कापायचे असते, तर फरक दहा किलोमीटरच्या घरात गेला असता.

ही आखूड वाट भूगोलाच्या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. उजळाईवाडीहून निघालेली रेषा सोलापूरच्या डोक्यावरून जाते, पुढे उदगीर, मग राजुऱ्याच्या परिसरातून महाराष्ट्राची पूर्व सीमा गाठते. रायपूरच्या किंचित दक्षिणेकडून, झारसुगुडाच्या उत्तरेकडून आणि रांचीच्या दक्षिणेकडून ती आसनसोलपाशी पोहोचते. त्यानंतर राजशाहीच्या उत्तरेला बांगलादेशात शिरून बोगुराजवळून ती मेघालयातल्या गारो टेकड्यांवर परत भारतात येते. गुवाहाटी तर जवळजवळ थेट या रेषेखाली येते, आणि तेजपूरच्या बाजूने ती ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातून मोहनबारीला उतरते. निघताना दिशा उत्तरेपासून ५७ अंश असते आणि पोहोचताना ६५ अंश झालेली असते; वाट सरळ असली तरी होकायंत्राच्या भाषेत ती सतत हलके वळत राहते.

लांब पल्ल्याच्या आंतरराष्ट्रीय मार्गांवर हे वळण फार मोठे काम करते. मुंबई ते न्यूयॉर्क महावृत्ताने सुमारे साडेबारा हजार किलोमीटर भरते. एकच दिशा पकडून, म्हणजे नकाशावरच्या सरळ रेषेने गेले, तर त्यात दीड हजार किलोमीटरहून अधिक भर पडते. कोल्हापूर-दिब्रुगडसाठी मात्र दिशा न बदलता जाणारी वाट फक्त दोन किलोमीटर लांब पडते. भारत विषुववृत्ताच्या बऱ्यापैकी जवळ असल्याने देशांतर्गत प्रवासात नकाशावर पट्टी ठेवून मोजलेले अंतर आणि गोलावरचे अंतर यांत काळजी करण्याजोगा फरक येत नाही. विमान ११ किलोमीटर उंचीवरून उडते म्हणून कमान जी थोडी मोठी होते, तिचाही हिशेब जेमतेम चार किलोमीटरचा आहे.

थोडक्यात, भूमितीचा भाग पक्का आहे आणि त्यातली अनिश्चितता फार थोडी आहे. विमाने मात्र भूमितीच्या रेषेवरून क्वचितच जातात. आकाशात नावे दिलेल्या बिंदूंना जोडणारे मार्ग आखलेले असतात. पूर्वी हे बिंदू जमिनीवरच्या रेडिओ केंद्रांवर अवलंबून असत. उपग्रहाधारित दिशादर्शनामुळे आता ते कुठेही ठरवता येतात आणि मार्ग अधिक सरळ झाले आहेत. तरीही निघताना व उतरताना ठरलेल्या वळणांनी जावे लागते आणि वाऱ्याच्या दिशेनुसार धावपट्टीच्या उलट्या टोकाने उतरायचे असेल, तर तेवढ्यासाठीच काही मिनिटांचा फेरा पडतो. भारतात हवाई दलाच्या राखीव क्षेत्रांचा प्रश्न मोठा आहे. मोहनबारीला हवाई दलाचा तळ आहे आणि ईशान्येत असे तळ थोडेथोडके नाहीत. गरज नसताना ही क्षेत्रे नागरी विमानांसाठी खुली करण्याची पद्धत अलीकडे रुळू लागली आहे. जितके क्षेत्र खुले, तितके इंधन वाचते.

बांगलादेशचे आकाश हा या मार्गाचा खास मुद्दा आहे. महावृत्ताची रेषा त्या देशावरून दोनशे किलोमीटरच्या आसपास जाते. ईशान्य भारत उरलेल्या देशाशी सिलिगुडीजवळच्या, सर्वांत अरुंद ठिकाणी वीस-बावीस किलोमीटर रुंदीच्या पट्टीने जोडलेला आहे. रेल्वे आणि रस्ता यांना ती पट्टी टाळता येत नाही. विमानाला येते, पण त्यासाठी शेजारी देशाची परवानगी, त्याच्या नियंत्रण कक्षाशी संपर्क आणि आकाश वापरण्याचे शुल्क हे सगळे आले. कोलकाता-आगरतळा आणि कोलकाता-गुवाहाटी या मार्गांवर बांगलादेशवरून जाणे नित्याचे आहे. असे आकाश बंद झाले की काय होते, हे २०१९ साली पश्चिमेकडे दिसले : फेब्रुवारी ते जुलै पाकिस्तानचे आकाश बंद राहिले आणि दिल्लीहून युरोप-अमेरिकेकडे जाणाऱ्या विमानांना दक्षिणेकडून लांबचा वळसा घ्यावा लागला.

या सगळ्या कारणांनी प्रत्यक्ष हवाई अंतर महावृत्ताच्या अंतरापेक्षा काही टक्क्यांनी वाढते. हा फरक ढोबळमानाने धरण्यासाठी आंतरराष्ट्रीय नागरी विमानवाहतूक संघटनेच्या कार्बन मोजणीत एक सोपी पद्धत वापरली जाते. ५५० किलोमीटरपेक्षा लहान उड्डाणात ५० किलोमीटर, ५५० ते ५,५०० किलोमीटरच्या उड्डाणात १०० किलोमीटर आणि त्याहून लांब उड्डाणात १२५ किलोमीटर मिळवायचे. त्या हिशेबाने थेट कोल्हापूर-दिब्रुगड उड्डाण २,५४६ किलोमीटरचे धरावे लागेल. यातली ध्यानात घेण्याची गोष्ट अशी की भर प्रत्येक उड्डाणामागे पडते. प्रवास तीन तुकड्यांत केला की ती तीनदा पडते.

आणि हा प्रवास तुकड्यांतच करावा लागतो, कारण या दोन विमानतळांमध्ये थेट विमान नाही. दोन्ही ठिकाणांहून मोठ्या विमानतळांकडे सेवा आहेत : कोल्हापूरहून मुंबई, हैदराबाद, बेंगळुरूकडे आणि दिब्रुगडहून कोलकाता, गुवाहाटी, दिल्लीकडे. वेळापत्रके हंगामागणिक बदलतात आणि लहान विमानतळांवरच्या सेवा बंद-चालू होत राहतात. पण कोणत्या शहरातून गेल्यास किती अंतर पडेल, हे भूगोलानेच ठरवलेले आहे.

मुंबईचा विचार आधी, कारण दक्षिण महाराष्ट्रातल्या माणसाच्या मनात लांबच्या प्रवासाचे दार म्हणजे मुंबई. कोल्हापूर-मुंबई हवाई अंतर सुमारे ३०९ किलोमीटर. मुंबई ते दिब्रुगड २,४४२ किलोमीटर. म्हणजे कोल्हापूरचा प्रवासी तीनशे किलोमीटर उडून मुंबईला पोहोचतो, तेव्हा दिब्रुगडच्या फक्त चार किलोमीटर जवळ गेलेला असतो. तो पहिला टप्पा अंतराच्या हिशेबात पूर्ण वाया जातो. मुंबईहून पुढे दिल्लीमार्गे जायचे ठरवले, तर मुंबई-दिल्ली १,१३७ आणि दिल्ली-दिब्रुगड १,७६१ किलोमीटर मिळवून एकूण ३,२०७ किलोमीटर होतात. सरळ वाटेपेक्षा हे ३१ टक्क्यांनी जास्त आहे.

हैदराबादची गोष्ट अगदी वेगळी आहे. कोल्हापूर-हैदराबाद ४४५ किलोमीटर, हैदराबाद-कोलकाता १,२०७ आणि कोलकाता-दिब्रुगड ८५२, बेरीज २,५०४. दोन ठिकाणी विमान बदलूनही सरळ रेषेपेक्षा जेमतेम ५८ किलोमीटर जास्त, म्हणजे सव्वादोन टक्के. हैदराबादहून थेट गुवाहाटीला जाऊन तिथून दिब्रुगड गाठले, तर ४४५, १,६७७ आणि ३७३ मिळून २,४९५ किलोमीटर भरतात. ही वाट आणखी थोडी आखूड. बेंगळुरू-कोलकातामार्गे मात्र २,९३० किलोमीटरच्या आसपास जातात, कारण पहिले पाऊलच दक्षिणेला पडते. भूमितीतला गोल-लंबगोल हा फरक अर्ध्या किलोमीटरचा, दिशा न बदलता जाणाऱ्या वाटेचा दोन किलोमीटरचा, आखलेल्या मार्गांचा शंभर किलोमीटरचा, आणि बदलाचे शहर निवडण्यातला सातशेहून अधिक किलोमीटरचा. प्रादेशिक विमानतळांच्या अंतराचा खरा प्रश्न या शेवटच्या निवडीत आहे. तरीही अंतर सांगणारी कोष्टके फक्त पहिला आकडा देऊन थांबतात, ही त्यांची मोठी उणीव म्हणावी लागते.

रेल्वेशी तुलना केली तर विमानाचा फायदा नेमका कळतो. दिब्रुगड-कन्याकुमारी विवेक एक्स्प्रेस ही देशातली सर्वांत लांब पल्ल्याची गाडी २०११ साली सुरू झाली. ती ४,१०० किलोमीटरहून अधिक अंतर तीन दिवसांहून जास्त वेळात कापते. त्याच दोन ठिकाणांमधले सरळ हवाई अंतर २,८३० किलोमीटरच्या आसपास आहे. रुळांची वाट सरळ रेषेच्या जवळजवळ दीडपट होते. विमानाला दिल्लीमार्गे पडणारा ३१ टक्क्यांचा वळसा त्या मानाने कमी असला, तरी तो रुळांच्या वळशासारखा भूगोलामुळे पडत नाही. तो निव्वळ सेवांच्या जाळ्यामुळे पडतो.

आता वेळ. वेळापत्रकात छापलेली वेळ म्हणजे विमान हवेत असण्याची वेळ नव्हे. चाकांखालचे अडसर काढून विमान जागेवरून हलते तेव्हापासून दुसऱ्या विमानतळावर ते जागेवर येऊन थांबेपर्यंतची ती वेळ असते. विमानतंत्रात तिला ब्लॉक टाइम म्हणतात. तिच्यात धावपट्टीपर्यंत जाणे, रांगेत थांबणे, उड्डाण, चढण, सरळ प्रवास, उतरण आणि पुन्हा जमिनीवरचा प्रवास, असे सगळे येते. एअरबस ए-३२० सारखे जेट विमान उंचीवर ध्वनीच्या ०.७८ पट वेगाने, म्हणजे ताशी सुमारे ८३० किलोमीटरने जाते. एटीआर-७२ हे पंख्यांचे विमान ताशी ५०० किलोमीटरच्या आसपास. पण चढताना आणि उतरताना वेग कमी असतो आणि जमिनीवर तो नसल्यातच जमा. म्हणून जेटसाठी एक ढोबळ ठोकताळा वापरतात : अंतराला सरळ प्रवासाच्या वेगाने भागायचे आणि अर्धा तास मिळवायचा.

या ठोकताळ्याने कोल्हापूर-दिब्रुगड थेट जेट उड्डाणाला, वारा नसताना, दोन तास सत्तावन्न मिनिटे अधिक अर्धा तास, म्हणजे साडेतीन तासांच्या जरा आत वेळ लागेल. मुंबई-दिल्लीला तोच ठोकताळा लावला तर एक तास बावन्न मिनिटे येतात. प्रत्यक्ष वेळापत्रकात मात्र सव्वादोन तासांच्या आसपास वेळ दिलेली असते. वरची वीसेक मिनिटे गर्दीची आहेत. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे त्या एकाच वेळी स्वतंत्रपणे चालवता येत नाहीत, आणि उतरण्यासाठी आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. विमान कंपन्या ही शक्यता धरूनच वेळ छापतात. त्यामागे आणखी एक कारण आहे : ठरलेल्या वेळेपासून पंधरा मिनिटांच्या आत असलेले विमान वेळेवर मानले जाते आणि नागरी विमान वाहतूक महासंचालनालय वक्तशीरपणाचे आकडे दरमहा जाहीर करते. छापील वेळ सैल ठेवली की आकडे चांगले दिसतात. प्रवाशाला यातून दोन विमानांमधला दुवा चुकण्याची भीती कमी होते हे खरे, पण वर्षानुवर्षे वाढत गेलेल्या छापील वेळांवरून विमाने मंदावली असा निष्कर्ष काढू नये.

वारा हा वेळेतला सर्वांत जिवंत घटक. हिवाळ्यात उत्तर भारतावरून, साधारण १२ किलोमीटर उंचीवर, पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार झोतवारा वाहतो. त्याचा वेग ताशी १८० किलोमीटरच्या वर जाणे नवलाचे नाही. दिब्रुगडकडे जाणारी वाट पूर्व-ईशान्येला असल्याने त्या वाऱ्याचा मोठा भाग विमानाच्या पाठीशी येतो. कोल्हापूरकडचा अर्धा मार्ग झोताच्या दक्षिणेला राहतो, म्हणून संपूर्ण मार्गावर सरासरी ताशी ९० किलोमीटरची मदत धरली, तर सरळ प्रवासाची वेळ दोन तास चाळीस मिनिटांवर येते. परतीच्या वाटेवर तोच वारा तोंडावर आला की ती तीन तास अठरा मिनिटे होते. तेच अंतर, तेच विमान, आणि जाण्या-येण्यात अडतीस मिनिटांचा फरक. दिल्ली-दिब्रुगडसारख्या, झोताच्या पट्ट्यातूनच जाणाऱ्या मार्गावर परतीचे विमान वेळापत्रकातही जास्त वेळ घेते, ते याच कारणाने.

पावसाळ्यात चित्र पालटते. पश्चिमी झोतवारा हिमालयाच्या उत्तरेला सरकतो आणि द्वीपकल्पावर उंचावरून पूर्वेकडून पश्चिमेकडे वाहणारा उष्णकटिबंधीय पूर्वी झोतवारा तयार होतो. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ साली त्याचे वर्णन मांडले. त्याचा गाभा प्रवासी विमानांच्या नेहमीच्या उंचीपेक्षा वर, १४ ते १६ किलोमीटरवर आणि बराच दक्षिणेला असतो, त्यामुळे या मार्गावर त्याचा परिणाम हिवाळी झोताइतका तीव्र होत नाही. पण हिवाळ्यातली पाठीमागची मदत जुलैत मिळत नाही. शिवाय गडगडाटी ढगांचे मोठाले समूह टाळण्यासाठी डावी-उजवीकडे जावे लागते. मार्च ते मे या काळात पूर्व भारतात दुपारनंतर उठणारी कालबैसाखीची वादळे कोलकात्याच्या टप्प्यात खोळंबा करतात, तर डिसेंबर-जानेवारीत ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातले सकाळचे धुके मोहनबारीची विमाने अडवते. म्हणून गंतव्यस्थानी उतरता आले नाही तर गुवाहाटीसारख्या पर्यायी विमानतळापर्यंत पुरेल इतके इंधन आणि त्यावर, जेट विमान असेल तर, अर्ध्या तासाचा शेवटचा साठा सोबत ठेवावा लागतो.

घड्याळाची वेळ आणि सूर्याची वेळ यांतही या मार्गावर चांगलेच अंतर आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशाची. कोल्हापूर त्याच्या पश्चिमेला, दिब्रुगड पूर्वेला. दोहोंच्या रेखांशांत पावणेएकवीस अंशांचा फरक, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने ८३ मिनिटे. तिकिटावर दोन्हीकडची वेळ एकाच घड्याळाची असल्याने उड्डाणवेळ काढताना काहीही मिळवावे-वजावे लागत नाही. डिसेंबरात मात्र दिब्रुगडला साडेचारच्या सुमारास अंधारू लागते, तेव्हा कोल्हापुरात उन्हे असतात. आसामच्या चहामळ्यांत प्रमाणवेळेच्या एक तास पुढे असलेली ‘बागान वेळ’ पाळण्याची पद्धत याच फरकातून आली.

थेट विमान का नाही, याचे एक उत्तर यंत्रात आहे. कोल्हापूरची धावपट्टी आखूड असल्याने तिथे प्रामुख्याने एटीआर-७२ आणि एम्ब्रेअर कंपनीची लहान जेट विमाने येत राहिली आहेत. एटीआरचा पूर्ण प्रवाशांसह पल्ला दीड हजार किलोमीटरच्या आत संपतो. अडीच हजार किलोमीटर त्याच्या आवाक्याबाहेर आहेत. एम्ब्रेअर १७५ ला एवढे अंतर कागदोपत्री सहज झेपते, पण सहाशे मीटर उंचीवरच्या धावपट्टीवर, उन्हाळ्याच्या विरळ हवेत, भरपूर इंधन घेऊन उडायचे तर प्रवासी कमी करावे लागतात. दुसरे उत्तर मागणीत आहे. या दोन ठिकाणांदरम्यान रोज विमान भरेल इतके प्रवासी नाहीत, आणि ते लगेच निर्माण होतील असे मानायला आधारही नाही.

सरकारी धोरणाने यात दोन बाजूंनी हात घातला. १९९४ पासूनच्या मार्ग-वाटप नियमांनुसार, मुख्य शहरांना जोडणाऱ्या फायद्याच्या मार्गांवर कंपनी जितकी आसनक्षमता वापरते, तिच्या किमान दहा टक्के क्षमता ईशान्य भारत, जम्मू-काश्मीर, अंदमान-निकोबार आणि लक्षद्वीपच्या मार्गांवर लावावी लागते. दिब्रुगडला मोठी जेट विमाने दीर्घकाळ येत राहिली, त्यामागे या नियमाचा मोठा वाटा आहे. दुसरी बाजू उडान योजनेची. तिचे पहिले विमान २७ एप्रिल २०१७ रोजी शिमल्याहून दिल्लीला उडाले आणि त्याच दिवशी नांदेड-हैदराबाद सेवाही सुरू झाली. या योजनेत सुमारे ५०० किलोमीटरच्या किंवा तासाभराच्या उड्डाणाला २,५०० रुपयांचे कमाल भाडे ठरले होते. कोल्हापूरची सेवा नव्याने उभी राहिली ती याच योजनेच्या आधारे. दोन्ही धोरणे लहान विमानतळाला मोठ्याशी जोडतात. लहानाला दूरच्या लहानाशी जोडण्याची तरतूद त्यांच्यात फारशी नाही.

अंतर आणि वेळ यांपैकी कोणता आकडा धरायचा, याला पैशाचीही बाजू आहे. मे २०२० ते ऑगस्ट २०२२ या काळात देशांतर्गत भाड्यांवर जी मर्यादा होती, ती उड्डाणवेळेच्या सात गटांवर बेतलेली होती : ४० मिनिटांच्या आतल्या गटापासून १८० ते २१० मिनिटांच्या गटापर्यंत. किलोमीटरचा तिथे संबंध नव्हता. विमान आयत्या वेळी रद्द झाल्यास द्यावयाच्या भरपाईचे नियमही ब्लॉक टाइमवर चालतात. तासाभरापर्यंतच्या उड्डाणाला ५,००० रुपये, एक ते दोन तासांच्या उड्डाणाला ७,५०० आणि त्याहून मोठ्याला १०,००० ही कमाल रक्कम, किंवा मूळ भाडे व इंधन शुल्क, यांपैकी जे कमी असेल ते. उशीर झाल्यास खाण्यापिण्याची सोय किती वेळानंतर करायची, हेही त्याच वेळेवर ठरते : अडीच तासांपर्यंतच्या उड्डाणाला दोन तास उशीर झाल्यावर, अडीच ते पाच तासांच्या उड्डाणाला तीन तासांनंतर. त्यामुळे छापील वेळ सैल ठेवली की अशा नियमांतला गटही बदलू शकतो.

सगळे टप्पे जोडून पाहिले तर हैदराबाद-कोलकातामार्गे एटीआरचा पहिला टप्पा सव्वा तासाचा, दुसरा सव्वादोन तासांचा आणि तिसरा दीड तासाचा धरता येतो. विमानात बसण्याची वेळ पाच तास. थेट जेटने साडेतीन तास लागले असते. म्हणजे उड्डाणवेळेतले नुकसान दीड तासाचे आहे. खरे नुकसान दोन बदलांच्या मधल्या थांब्यांत होते. कोल्हापूरहून दिवसातून मोजकी विमाने सुटतात, दिब्रुगडला जाणारीही ठरावीक वेळांची असतात, आणि दोन्ही वेळापत्रके एकमेकांकडे पाहून बनवलेली नसतात. पहिला टप्पा एका कंपनीचा आणि पुढचे दुसरीचे असतील आणि तिकिटे वेगवेगळी असतील, तर सामान घेऊन पुन्हा तपासणीला जावे लागते आणि पहिले विमान उशिरा आल्याने पुढचे चुकले तर त्याची जबाबदारी कोणावरच राहत नाही. एकाच तिकिटावर तिन्ही टप्पे घेतले तर सामान थेट दिब्रुगडला जाते आणि दुवा चुकल्यास पुढची सोय कंपनीला करावी लागते. भाडे थोडे जास्त असले तरी या मार्गावर ते देणे शहाणपणाचे.

त्यामुळे कोल्हापूर-दिब्रुगड प्रवास सकाळी निघून संध्याकाळी पोहोचण्याचा ठरेल की मध्ये एक रात्र हैदराबादला किंवा कोलकात्याला काढावी लागेल, हे २,४४६ या आकड्यावरून कळत नाही. ते त्या हंगामातल्या सेवांच्या वेळांवर ठरते, आणि त्या वर्षातून दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या अखेरीस, नव्या वेळापत्रकासोबत बदलतात. कोल्हापूरच्या धावपट्टीवर ए-३२० पूर्ण भाराने उतरू-उडू लागले, तर हैदराबाद आणि गुवाहाटी येथे थांबत एकच विमान दिब्रुगडपर्यंत नेणे तांत्रिकदृष्ट्या शक्य होईल. सरळ रेषेपेक्षा ते अंतर पन्नासेक किलोमीटरच जास्त भरेल आणि दोन्ही थांब्यांचा वेळ धरून प्रवास साडेसहा तासांच्या आसपास आटोपेल.